छताची ओल आणि अकरा मुद्दे

ताईंची गझल रात्री साडेदहाला फोनवर आली आणि साडेअकराला माझा अभिप्राय गेला. अकरा मुद्दे होते, क्रमांक घालून. पाठवल्यावर मी समाधानाने झोपलोही.

आम्ही आठ जण आहोत. सगळे हौशी. नोकरी, संसार, आजारपणं सांभाळून जे सुचतं ते एकमेकांना पाठवतो. तोवर अभिप्राय म्हणजे 'सुंदर!', 'अप्रतिम', 'क्या बात', जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ. कविता सकाळी आली की दुपारपर्यंत सात गुच्छ जमायचे आणि संध्याकाळी ती कोणालाच आठवायची नाही. मला याचा वीट आला होता, आणि त्यात मी नुकतीच सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' वाचून काढलेली. लगावली, रदीफ, काफिया, अलामत ही गझलेच्या बांधणीची सगळी परिभाषा नवीनवी हाती आलेली. नवी कात्री मिळालेलं पोर घरात जे दिसेल ते कापत सुटतं, तशी माझी अवस्था.

ताईंचा मतला, म्हणजे गझलेचा पहिला, दोन ओळींचा शेर, असा होता:

तुझ्या ओसरीला दिवा मंद आहे
पुन्हा दार माझ्या मनी बंद आहे

वृत्त भुजंगप्रयात. लगागा लगागा लगागा लगागा; ल म्हणजे लघु, एका मात्रेचं अक्षर, गा म्हणजे गुरू, दोन मात्रांचं. म्हणजे ओळीत बारा अक्षरं आणि वीस मात्रा. मी बोटांवर मोजलं. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हे पाठ होतं. म्हणजे 'तुझ्या'तला तु गुरू, 'पुन्हा'तला पु गुरू. दोन्ही ओळी एकवीस मात्रांच्या! मुद्दा क्रमांक एक आणि दोन. मग मंद दिवा आणि बंद दार या घासून गुळगुळीत झालेल्या प्रतिमा, हा तिसरा. असं करत करत अकरापर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी कोणीच काही बोललं नाही. गुच्छही नाहीत. ताई तर गप्पच.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. ते गणिताचे, आता निवृत्त. वृत्तांचा नाद त्यांना तरुणपणापासून. माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'ची एक खिळखिळी प्रत त्यांच्याकडे आहे आणि ती ते कोणाला देत नाहीत.

"सत्य म्हण," ते म्हणाले.

"सत्य."

"कुठे जोर पडला?"

"स वर."

"आता तुझ्या म्हण. सावकाश."

म्हटलं. पुन्हा म्हटलं. तु वर कसलाच जोर नव्हता. जीभ त्याच्यावरून नुसती निसटून जात होती.

"जोडाक्षर दिसलं की आधीचं अक्षर गुरू होत नाही रे. आघात आला तर होतं. तुझ्या, पुन्हा, तुम्ही, इथे आघात नाहीच. तू डोळ्यांनी मोजलंस. वृत्त कानाचं असतं." मग जरा थांबून, "आणि एक सांग. दोन्ही ओळी नेमक्या एकाच जागी, एकाच मात्रेने चुकतात, तर चूक ओळींची की मोजपट्टीची? एवढं तरी शंकेला यायला हवं होतं."

मी विचारलं, बाकीचे नऊ मुद्दे? ते हसले. "खरी चूक तर तुला दिसलीच नाही. चौथा शेर काढ."

किती पाखरे ही, किती दूर जाती
हवा आज का एवढी धुंद आहे

मात्रा चोख, वीसच्या वीस. पण मतल्यात काफिया, म्हणजे यमकाचे शब्द, मंद आणि बंद. म्हणजे 'द'च्या आधी 'अं' हा स्वर ठरून गेला, तीच अलामत. पुढच्या प्रत्येक शेरात तीच हवी. छंद चालेल, आनंद चालेल, धुंद नाही. ज्या पुस्तकाच्या जोरावर मी तलवार उपसली होती, त्यात हे असताना मला दिसलं नव्हतं, कारण तोवर माझा सगळा जीव मात्रा मोजण्यात गुंतला होता.

संध्याकाळी मी ताईंना फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, ते तसंच राहिलं. 'तुझ्या'चं माझं चुकलं, एवढंच म्हणालो.

"ते मास्तरांनी सांगितलं मला. त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मला एकच विचारायचं होतं. अकरा मुद्दे लिहिलेस, पण छताबद्दल एक शब्द नाही. ते आवडलं नाही, की वाचलंच नाही?"

मला क्षणभर कळेना त्या कशाबद्दल बोलताहेत. फोन कानाला ठेवूनच गझल उघडली. तिसरा शेर:

छताला घराच्या जुनी ओल आली
तरी पावसाचा मला छंद आहे

वाचलं होतं मी. वीस मात्रा भरल्या, बरोबर, पुढे चला, असं वाचलं होतं. ओल 'जुनी' आहे, म्हणजे अनेक पावसाळे कोणी दुरुस्तीला हात घातलेला नाही. आणि तरीही पाऊस आवडतो म्हणणाऱ्या बाईला त्यातलं काही लपवायचं नाही. अख्ख्या गझलेत ही एकच जागा अशी होती जिथे ताईंनी शोभेचं काही ठेवलेलं नव्हतं. मंद दिवे आणि बंद दारं कोणीही लिहील. ओल ज्याच्या छताला आली त्यालाच दिसते.

"वाचलं नव्हतं," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"मग हरकत नाही," त्या म्हणाल्या. मला वाटतं 'आवडलं नाही' म्हणालो असतो तर त्यांना जास्त लागलं असतं. पण कोण जाणे.

त्यानंतर बरेच महिने मी अभिप्राय द्यायला शिकत होतो. पहिला बदल फार साधा होता: कविता आली की मोठ्याने वाचायची, आणि लगेच काही लिहायचं नाही. फोन बाजूला ठेवून आपापल्या कामाला लागायचं. रात्री झोपताना बघायचं की डोक्यात काय उरलंय. एखादी ओळ, एखादा शब्द, कधी नुसती लय. जे उरलं ते आधी सांगायचं. कधीकधी काहीच उरत नाही, तेव्हा फार पंचाईत होते. पूर्वी मी अशा वेळी 'छान' लिहून मोकळा व्हायचो. आता विचारतो, "हे लिहिताना डोळ्यासमोर काय होतं?" बहुतेक वेळा कवी जे सांगतो ते कवितेत आलेलंच नसतं, आणि कवितेपेक्षा ते चांगलं असतं. तेच त्याला सांगितलं की काम झालं.

दुसरी गोष्ट सोडायला मात्र मला फार जड गेलं. दुसऱ्याची ओळ मी सुधारून द्यायचो. 'इथे असं केलं तर?' म्हणून स्वतःची ओळ पुढे सरकवायची. उर्दूत उस्तादाने शागिर्दाचा शेर दुरुस्त करून द्यायची, इस्लाहची, जुनी रीत आहे. पण तिथे नातं ठरलेलं असतं. आपणहून गेलेला शागिर्द आणि मान्य केलेला उस्ताद. आमच्यात कोण उस्ताद? मी बदललेल्या ओळी वृत्तात चोख बसायच्या आणि मूळ कवीच्या तोंडात परक्या वाटायच्या. एका मित्राने माझी सुचवलेली ओळ निमूट घेतली, आणि पुढे कोणी त्या कवितेतली नेमकी तीच ओळ वाखाणली. त्याने ती कविता पुन्हा कधी कोणाला दाखवली नाही. मला आत कुठेतरी आनंद झाला होता, हेही लिहूनच टाकतो.

धुंदचं मी ताईंना फोनवर सांगितलं, पण पर्याय दिला नाही. जिभेवर दोन होते. आठवड्याने त्यांचा शेर बदलून आला:

किती पाखरे ही, किती दूर जाती
मला पाहण्याचाच आनंद आहे

खाली लिहिलं होतं, 'पाहण्यातला ह लघु धरलाय. मोजायचा असेल तर मोज.' मी मोजला नाही. मोठ्याने म्हणून पाहिला.

याच सुमारास मंडळाने मिळून एक नियम केला, बहुधा माझ्याच कर्तृत्वाने. कविता पाठवणाऱ्याने एक दिवस गप्प राहायचं. खुलासा नाही, हेतू नाही, 'मला इथे असं म्हणायचंय' नाही. मास्तर म्हणाले, 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी जमून एकमेकांना कविता ऐकवायचे, तिथे समोर माणूस बसलेला असे, त्याचा चेहरा दिसे. कंटाळलेला श्रोता अभिप्राय द्यायच्या आधीच कळायचा. फोनवर चेहरा नाही, म्हणून निदान शांतता तरी हवी.

नियम किती जाचक आहे ते माझी पाळी आली तेव्हा कळलं.

मी वडिलांवर लिहिलं होतं. अष्टाक्षरी, ओळीत आठ अक्षरं, लघु-गुरूची कटकट नाही. सुरुवात अशी:

कपाटात सापडला
तुमचा चष्मा परवा
एका काडीला अजून
तोच तो दोरा हिरवा

मध्ये दोन कडवी. आणि शेवट:

माणसे निघून जाती
वस्तू राहतात मागे
आयुष्य म्हणजे काय
फक्त आठवांचे धागे

हे शेवटचं कडवं मला आधी सुचलं होतं. खरं तर त्याच्यासाठीच बाकीची कविता बांधली होती. पाठवल्यावर तासाभरात तिघांनी नेमकं तेच उद्धृत केलं. 'आठवांचे धागे, वाह!' मी खूश. नियमामुळे धन्यवादही म्हणता येत नव्हते, तेवढीच अडचण.

रात्री आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने लिहिलं, "शेवटचं कडवं सगळ्यांना आवडतंय, कारण ते सगळ्यांनी आधी कुठेतरी वाचलंय."

मी तिला उत्तर लिहायला घेतलं. भलंमोठं. समारोपाची गरज, अष्टाक्षरीची परंपरा, भावनेची सार्वत्रिकता, काय काय. मग नियम आठवला आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा लिहायचा कंटाळा आला, म्हणून झोपलो.

सकाळी ताईंचा अभिप्राय होता. दोन ओळींचा. "काडीला गुंडाळलेला दोरा मला दिसला आणि मी थांबले. तो दाखवून झाल्यावर पुन्हा धागे कशाला?"

मी कविता पाठवायच्या आधी वीसेक वेळा तरी वाचली असेल. दोरा आणि धागे एकाच कवितेत आहेत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. एक खरा, मोडक्या चष्म्याचा, आणि दुसरा कुठल्याही शुभेच्छापत्रावर असतो तसला. ताईंना हवं असतं तर त्या अकरा मुद्दे काढू शकल्या असत्या, मधली दोन कडवी तशी ढिलीच होती. त्यांनी एकच काढला. बाकीची ढिलाई मग मलाच दिसायला लागली.

कडवं कापलं. सोपं नव्हतं, आधी ते वहीत दुसऱ्या पानावर उतरवून ठेवलं, वाया जाऊ नये म्हणून. अजून आहे तिथे. उरलेली कविता दोऱ्यावर संपेल अशी कडवी उलटसुलट केली, तर सुरुवातच हरवली. तीन-चार खर्ड्यांनंतर एक रूप असं आलं की धाकटीने फक्त 'हं' लिहिलं. तिच्या हिशेबात ती मोठी दाद आहे, असं मास्तर म्हणाले.

मग मी ती आईला वाचून दाखवली. आई कविता वाचत नाही, माझ्या तर नाहीच. ऐकून घेतलं तिने. चष्मा समोर टेबलावर होता, काडीवरचा दोरा घामातेलाने मळून आता कुठल्याच रंगाचा राहिलेला नाही.

"दोरा निळा होता," ती म्हणाली. "मीच गुंडाळला होता. हिरवा कुठून काढलास?"

परवाशी जुळवायला, असं सांगायला तोंड उघडलं.

"आणि परवा काय? चष्मा सापडून महिना झाला."