उणे १.८ दिवसांत मिटलेली तक्रार

नोकरी सांभाळून सांख्यिकीचा प्राथमिक कोर्स करायला घेतला तेव्हा पहिला गृहपाठ मला अगदीच किरकोळ वाटला होता. स्वतःच्या कामातली कुठलीही २५ मोजमापं घ्या आणि त्यांचं वितरण कसं आहे, म्हणजे आकडे कुठे दाटलेत आणि कुठे विरळ आहेत, ते सांगा, एवढंच. मी तक्रार निवारणाचं काम बघते, त्यामुळे आकड्यांना तोटा नव्हता. रजिस्टरमधल्या सलग २५ तक्रारी घेतल्या, प्रत्येक तक्रार आल्यापासून बंद होईपर्यंत किती दिवस गेले ते मोजलं. सरासरी बरोब्बर ७ आली. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ८.८ आलं. ‘बहुतेक तक्रारी ७ अधिक-उणे ८.८ दिवसांत मिटतात’ असं ठसठशीत वाक्य लिहून पाठवून दिलं.

उत्तरात सरांनी एकच ओळ लिहिली होती : ‘७ वजा ८.८ किती?’

उणे १.८. म्हणजे माझ्या हिशेबाने काही तक्रारी येण्याच्या पावणेदोन दिवस आधीच मिटत होत्या. आमचा विभाग इतका तत्पर नाही.

आकडेमोडीत चूक नव्हती, मी तीनदा तपासली. मग चुकलं कुठे? सरांना फोन केला, तर म्हणाले, ‘तुम्ही आकडे बघितलेच नाहीत. आधी चित्र काढा.’ मी लगेच चित्र काढलं, तेही चुकीचं. तक्रार क्रमांक १ ते २५ ओळीने मांडून प्रत्येकीवर एक काडी उभी केली. जमिनीत रोवलेल्या उंचसखल काठ्या नुसत्या! कुठली तक्रार किती चालली ते कळत होतं, पण साधारणपणे किती चालते ते त्यातून काही केल्या दिसेना.

शेवटी कागद घेतला आणि आकडे चढत्या क्रमाने हाताने लिहिले. १, १, २, २, २, २, ३, ३, ३, ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ७, ८, ९, ११, १४, २७, ४०. हे पाच मिनिटांचं काम मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर पुढची शोभा टळली असती. २५ पैकी १८ तक्रारी ७ दिवसांच्या आत मिटल्या होत्या. बरोबर ७ दिवस लागलेली एकच. ज्या आकड्याला मी ‘साधारण’ म्हणत होते तो साधारण नव्हताच. मधोमध, म्हणजे तेराव्या जागी ४ होता. हाच मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेला ३, तो बहुलक. शाळेत या दोघांची सूत्रं घोकली होती, पण ती कशासाठी लागतात हे कळायला एवढी वर्षं जावी लागली.

मग हिस्टोग्राम, म्हणजे आकड्यांचे गट पाडून प्रत्येक गटात किती आले तेवढ्या उंचीचा स्तंभ उभा करायचा. इथे खरी मजा आली. आधी दहा-दहा दिवसांचे गट केले : १ ते १० मध्ये २१ तक्रारी, ११ ते २० मध्ये २, पुढच्या दोन गटांत एकेक. एक भलामोठा ठोकळा आणि शेजारी तीन खडे. गट दोन-दोन दिवसांचे केले तर ६, ८, ४, २, १, १, १ असा डावीकडे चढून हळूहळू उतरणारा उतार दिसला, मग बरीच रिकामी जागा, आणि पार दूर दोन एकटे स्तंभ. आकडे तेच, चित्र निराळं. गटाची रुंदी किती घ्यायची याचे काही नियम आहेत, पण माझं मत विचाराल तर दोन-तीन रुंदी करून बघाव्यात. एकाच चित्रावर विश्वास टाकू नये.

अशा आकाराला उजवीकडे विषम म्हणतात. गर्दी डावीकडे असताना नाव उजवीकडचं कसं, यावर मी बराच वेळ अडले होते. नाव शेपटीवरून पडतं, गर्दीवरून नाही.

आता ८.८ कुठून आलं तेही उलगडलं. प्रमाण विचलन काढताना प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर आहे ते बघून त्याचा वर्ग करतात. ४० हा ७ पासून ३३ ने दूर. ३३ चा वर्ग १०८९. सगळ्या २५ वर्गांची बेरीज १८४८. म्हणजे निम्म्याहून जास्त पसारा एकट्या एका तक्रारीने घातला होता! बाकीच्या चोवीस बिचाऱ्या उगाच बदनाम. ‘सरासरी अधिक-उणे प्रमाण विचलन’ हे वाक्य दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या, घंटेसारख्या आकाराला शोभतं. माझ्या आकाराला नाही.

त्याऐवजी चतुर्थक, म्हणजे चढत्या रांगेचे चार सारखे भाग करणारे आकडे, काढले. खालच्या बारा आकड्यांचा मध्यक २.५, वरच्या बारांचा ७.५. म्हणजे मधल्या निम्म्या तक्रारी साधारण अडीच ते साडेसात दिवसांत मिटतात. हे वाक्य मी कुणाही समोर न लाजता म्हणू शकते. दोन चतुर्थकांतलं अंतर ५. जॉन ट्यूकी या अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञाने बॉक्स प्लॉटबरोबर (दोन चतुर्थकांमध्ये एक पेटी आणि तिच्यात मध्यकाची रेघ असं चित्र) रूढ केलेला नियम असा, की चतुर्थकांपासून या अंतराच्या दीडपटीहून पुढे जे जाईल ते वेगळं टिंब म्हणून दाखवायचं. ५ ची दीडपट ७.५, ती वरच्या चतुर्थकात, ७.५ मध्ये, मिळवली की १५ झाले. १४ वाचला, २७ आणि ४० बाहेर.

बाहेर म्हणजे खोडून टाकायचे, असं मला वाटलं होतं. सर म्हणाले, ‘आधी त्यांना भेटून या.’ रजिस्टर उघडलं. २७ ची तक्रार खरोखरच रखडली होती, सुटा भाग यायचा होता. ४० ची मात्र चौथ्याच दिवशी सुटली होती! तक्रारदाराने ‘झालं’ असं कळवलं नाही, म्हणून नोंद उघडीच राहिली. म्हणजे मी जे मोजत होते ते काम व्हायला लागलेले दिवस नव्हते, नोंद बंद व्हायला लागलेले दिवस होते. तिथे ४० ऐवजी ४ लिहिलं तर सरासरी ७ वरून ५.५६ वर येते, मध्यक ४ चा ४ च राहतो. मी ४० तसाच ठेवला, कारण नोंद बंद होईपर्यंतचे दिवस हीच माझी व्याख्या होती, आणि खाली दोन ओळींचा खुलासा लिहिला.

दुसऱ्यांदा पाठवलेला गृहपाठ पास झाला. पण मग सरांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या ‘ओल्ड फेथफुल’ या गरम पाण्याच्या फवाऱ्याचे आकडे दिले : दोन उद्रेकांमध्ये किती मिनिटं थांबावं लागतं याच्या २७२ नोंदी. मी आता शहाणी झाले होते, थेट बॉक्स प्लॉट काढला. मध्यक ७६, चतुर्थक ५८ आणि ८२. व्यवस्थित पेटी, बाहेर एकही टिंब नाही. हिस्टोग्राम काढल्यावर तोंडात मारल्यासारखं झालं. तिथे दोन उंचवटे होते, एक ५५ मिनिटांच्या आसपास, दुसरा ८० च्या आसपास. सरासरी ७१, आणि त्या भागात नोंदी तुरळक. उद्रेक छोटा झाला की पुढची वाट थोडी, मोठा झाला की जास्त. दोन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या होत्या आणि पेटीने त्यांच्यावर झाकण घातलं होतं.

तेव्हापासून माझ्या त्या उताराकडे मी संशयाने बघते. फोनवर सुटणाऱ्या तक्रारी आणि सुटा भाग लागणाऱ्या तक्रारी मी एकत्रच मोजल्या होत्या. २५ नोंदींत दुसरा उंचवटा दिसणं कठीण, म्हणून रजिस्टरमध्ये आता एक जादा रकाना आखलाय : ‘भाग लागला का? हो/नाही’. आतापर्यंत ६१ नोंदी झाल्यात.