क्वेंकात बिऱ्हाड मांडण्यापूर्वी

निवृत्तीनंतर काही वर्षे परदेशात काढावीत, या विचाराने आम्ही उभयता इक्वेडोरमधील क्वेंका येथे राहून आलो. अमेरिकन निवृत्तांमध्ये हे शहर स्वस्ताईबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु ती स्वस्ताई डॉलरमध्ये उत्पन्न असणाऱ्यांची आहे. इक्वेडोरने 2000 मध्ये स्वतःचे चलन सोडून अमेरिकन डॉलर स्वीकारल्यामुळे इकडे रुपया घसरला की तिथली भाजीसुद्धा आपल्याला महाग पडते.

बहुतेकांचा बेत व्हिसाशीच अडेल. 2019 पासून भारतीयांना आगाऊ व्हिसा लागतो, आणि निवृत्तिवेतनाच्या आधारे निवासाचा व्हिसा हवा असल्यास दरमहाचे उत्पन्न तेथील किमान वेतनाच्या तिप्पट असावे लागते. 2025 मध्ये ते वेतन 470 डॉलर, म्हणजे अट 1,410 डॉलरची, रुपयांत सव्वा लाखाच्या घरात! पोलीस दाखला, विवाहाचा दाखला आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांवर अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य ठरावे म्हणून होणारे सरकारी प्रमाणीकरण) भारतातूनच करून न्यावे, कारण तिथे पोहोचल्यावर हे काम फार जिकिरीचे होते. स्पॅनिश भाषांतर त्यानंतर. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवावे. इक्वेडोरहून परतताना ते नसेल, तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

शहर अडीच हजार मीटरहून उंचावर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. तोमेबांबा नदीच्या काठावरून जुन्या गावात चढणाऱ्या पायऱ्यांवर पहिले काही दिवस धाप लागतेच. या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आतच उकळत असल्याने उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. त्यामुळे कुकर घरूनच न्यावा, सोबत जादा रिंग आणि शिट्टीही. तूरडाळ सहजी मिळत नाही, मसुरावर भागवावे लागते. दुपारच्या ठरावीक जेवणात सूप, भात, एखादा पदार्थ आणि फळांचा रस साधारण तीन डॉलरमध्ये मिळतो, मात्र शाकाहारी मंडळींनी सूप कशात उकळले आहे ते विचारून घ्यावे. सुटे पैसे जवळ असावेत. शंभराची नोट दुकानदार सहसा घेत नाहीत.

10 दे आगोस्तो मंडईत मंगळवारी आणि शुक्रवारी एक पाहण्याजोगा प्रकार चालतो. रडक्या पोरांना घेऊन आया रांगेत बसतात आणि एखादी वयस्कर बाई पाल्याची जुडी अंगावर आपटत, मग अख्खे अंडे डोक्यापासून पायापर्यंत फिरवून, चक्क दृष्ट काढते. अंडे पेल्यात फोडून त्यात काय दिसते, हेही ती आईला समजावून सांगते. माझ्या पत्नीला मीठ-मोहरीची उणीव तेवढी जाणवली.

घर पाहताना ऊन कोणत्या बाजूने येते ते आधी पाहावे. घरे तापवण्याची सोय बहुधा नसते आणि सावलीतल्या खोल्या रात्री फार गारठतात. 2024 च्या दुष्काळात जलविद्युत आटल्यामुळे देशभर दिवसाला चौदा तासांपर्यंत वीज जात होती, तेव्हा इन्व्हर्टरची चौकशी अवश्य करावी. क्वेंकाला ग्वायाकिल या बंदराच्या शहरातूनही जाता येते, पण तिथली गुन्हेगारी ध्यानात घेता आम्ही राजधानी क्विटोहून विमानाने क्वेंका गाठले. नवख्यांनी तोच मार्ग धरावा आणि पहिला भाडेकरार अल्प मुदतीचाच करावा.