तुम्ही विचारलंत म्हणून: स्टुडिओ सोडून विधानसभेत कशाला?

"स्टुडिओ बरा चालला असताना राजकारणात कशाला पडलात?" हा प्रश्न मला लग्नकार्यात, एसटी स्टँडवर आणि निवडणूक हरल्यानंतर तर घरी येऊनही विचारला गेला आहे. सभांचे फोटो काढता काढता मलाही मंचावर बसावेसे वाटले असेल, असा लोकांचा समज आहे. वस्तुतः पुढाऱ्यांच्या जांभया सर्वांत जवळून फोटोग्राफरच पाहतो, त्यामुळे त्याला मंचाचे अप्रूप राहत नाही.

माझे राजकारण पासपोर्ट फोटोतून सुरू झाले. आमच्या तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी हौसेने फोटो काढणारे थोडे येत आणि अर्जाला लागतो म्हणून येणारे फार. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. तिच्या अर्जावर चिकटवायचा फोटो हा कित्येक विधवा बायांच्या आयुष्यातला पहिलाच फोटो असे. पुरुषांसाठी खुंटीवर एक कोट टांगलेला होता, जो साऱ्या तालुक्याने अंगावर चढवला असेल. बायांसाठी आरसा आणि कंगवा, बस्स. फ्लॅश उडाला की त्या डोळे मिटत, म्हणून बारा फोटोंच्या रोलमधले दोन मी त्यांच्यासाठी जास्तीचे धरीत असे.

फोटो न्यायला आल्या की त्या पिशवीतून अर्ज काढत आणि म्हणत, "भाऊ, तेवढं लिहून द्या." मग तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रेशनकार्डावरचे चुकलेले नाव असे एकेक निघत जाई आणि हळूहळू माझ्या काउंटरखाली फोटो धुताना लागणाऱ्या हायपो या रसायनाच्या पुड्यांशेजारी कोऱ्या अर्जांचा गठ्ठा राहू लागला. एका आजींचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा कारण सांगितले गेले की फोटो त्यांचा वाटत नाही. तो मीच आठ महिन्यांपूर्वी काढला होता. तेवढ्या काळात त्या वाळून निम्म्या झाल्या होत्या. त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो आणि त्यानंतर दुकानात पूर्णवेळ असा बसलोच नाही.

पुढे पंचायत समिती आणि मग एकदाच विधानसभा. २८८ जणांच्या त्या सभागृहात मी प्रलंबित निराधार अर्जांबद्दल तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला. अशा प्रश्नात "हे खरे आहे काय" असे विचारायचे असते, आणि मला उत्तर आले, "हे अंशतः खरे आहे." आयुष्यभर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यांवरचे डाग झाकणाऱ्या माणसाला अंशतः खरे म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

हरल्यानंतर मी स्टुडिओत परतलो. आता कॅमेरा मुलगा सांभाळतो. मंगळवारी बाजाराला कोणी पिशवीत कागद घेऊन आले, की तो फोटोचे विचारण्याआधी खुर्ची माझ्या टेबलाकडे सरकवतो.