मी किनारा साफ करायला का येत नाही

सप्टेंबरचा तिसरा शनिवार, म्हणजे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन जवळ आला की मला एकच प्रश्न अनेक तोंडांनी विचारला जातो. कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचे काम पाहणारे, अधिकारी विचारतात, सोसायटीतले शेजारी विचारतात, आणि गेल्या वर्षी भाचीनेही विचारले : "मावशी, तुझे सगळे काम सांडपाण्याचे, समुद्राविषयी तू एवढी पोटतिडकीने बोलतेस, मग कंपन्या स्वतःहून किनारा साफ करायला निघाल्या की नाक का मुरडतेस?" आजवर मी वेळ नाही, तब्येत बरी नाही, असे सांगून निसटत आले. आता एकदा सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वर्षी हा मजकूरच पाठवता येईल.

मला कंपन्यांचा राग नाही. माझे घर त्यांच्यावरच चालते. रासायनिक कारखान्यांची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, ज्यांना आम्ही सगळे ईटीपीच म्हणतो, ती उभारणे आणि बिघडली की रुळावर आणणे हा माझा व्यवसाय आहे. माझा वाद हातभार कोठे लावायचा एवढ्यापुरताच आहे. कारखान्याने समुद्रासाठी करायचे काम त्याच्या कुंपणाच्या आत, सांडपाणी जिथून बाहेर पडते तिथे असते; ते नीट झाल्यावर वेळ आणि पैसा उरला तर त्याने वाळूतल्या बाटल्या खुशाल गोळा कराव्यात.

कायद्याने इथे एक विचित्र परिस्थिती निर्माण केली आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि नेहमीच्या धंद्याचा भाग असलेला खर्च त्यात धरता येत नाही. हे योग्यच आहे, कारण स्वतःची घाण निस्तरणे हे दान नव्हे. पण परिणाम असा होतो की किनाऱ्यावरचे टी-शर्ट, हातमोजे आणि बॅनर वार्षिक अहवालाच्या रंगीत पानावर जातात, तर ईटीपीच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे वीजबिल उत्पादनखर्चात पडते, आणि ते कमी करून दाखवणाऱ्याला शाबासकी मिळते. रात्री ब्लोअर बंद ठेवला की टाकीतले घाण खाणारे जिवाणू हवेवाचून मरू लागतात. सकाळी तो चालू केल्यावर ते लगेच सावरत नाहीत, हे त्या शाबासकी देणाऱ्याला ठाऊक नसते.

माझ्या मनात ही गाठ बसली ती एका पावसाळ्यात. कोकणातल्या एका खाडीकाठच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या रंगांना लागणारी रसायने बनवणारा एक कारखाना होता आणि त्याच्या ईटीपीचे काम माझ्याकडे होते. मृगाचा पहिला पाऊस रात्रभर कोसळला आणि सकाळी खाडीत मेलेले मासे तरंगू लागले. लोक फाटकावर येणार हे ओळखून व्यवस्थापकांनी मला तातडीने बोलावले, कारण त्यांना हातात अहवाल हवा होता. मी ईटीपीच्या आउटलेटवरून नमुना घेतला. पाण्यातल्या घाणीचे ऑक्सिडीकरण व्हायला किती ऑक्सिजन लागेल त्याचे माप म्हणजे सीओडी. त्याची मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे आणि आमचा नमुना तिच्या आत होता. त्यात खोटे काही नव्हते. मी अहवाल लिहायला बसलेही.

फाटकावर आलेल्यांत मासेमारी करणारे एक वयस्क भोई होते. बाकीचे ओरडत होते, हे गप्प होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "बाई, पाणी कुठचं घेतलंत?" मी आउटलेटकडे बोट दाखवले. "मग हे कोणाचं?" असे म्हणून ते मला कुंपणाच्या मागच्या अंगाला, पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटाराकडे घेऊन गेले. गटार तांबूस तपकिरी पाण्याने भरून वाहत होते आणि त्याला येणारा वास मी आत साठवण टाकीशी रोज घेत होते. टाक्या भरत आल्या की पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहायची, त्या दिवशी सगळेच पाणी गढूळ असते आणि कोणाचे काय ते कळत नाही, ही युक्ती या धंद्यात कोणालाही नवी नाही. मीही ती ऐकून होते. माझ्या कारखान्याच्या मागे ती चालू असेल असे मात्र मला वाटले नव्हते. त्यांच्या पाटीत बोय आणि शेंगट्या होत्या. "विकायची सोय नाही आणि घरी न्यायची भीती वाटते," ते म्हणाले, आणि पाटी उचलून निघाले.

मी गटाराचाही नमुना घेतला आणि दोन्हींचे आकडे अहवालात लिहिले. व्यवस्थापक सभ्य गृहस्थ होते, त्यांनी आवाज चढवला नाही. "मॅडम, तुमचे कंत्राट ईटीपीचे आहे, गटाराचे नाही," एवढेच ते म्हणाले, आणि दुसरा आकडा काढायची विनंती केली. मी तो काढला नाही, आणि पुढच्या वर्षी ते काम मला मिळाले नाही. यात शौर्य वगैरे शोधू नका. तेव्हा हाताशी दुसरी कामे होती, नसती तर काय केले असते हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याच सप्टेंबरात त्या कंपनीने खाडीच्या मुखाशी भव्य स्वच्छता मोहीम काढली. वर्तमानपत्रात छायाचित्र आले. त्यात भोईवाडीतली मुले कंपनीच्या टोप्या घालून हसत उभी होती. मुलांना टोप्या आवडल्या असणार, त्यांचे काय चुकले?

समुद्राच्या बाबतीत देखावा किती महाग पडतो हे पाऱ्याच्या विषबाधेसाठी कुप्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या मिनामाताने दाखवले आहे. तिथल्या चिस्सो कंपनीने डिसेंबर 1959 मध्ये गाजावाजा करून शुद्धीकरण यंत्रणा सुरू केली, पण ती पारा काढण्यासाठी बनवलेलीच नव्हती, आणि पारामिश्रित सांडपाणी समुद्रात जाणे 1968 पर्यंत थांबले नाही. पुढे उपसागराच्या तळाचा विषारी गाळ उपसून भराव टाकायचे काम 1977 ते 1990 असे चालले.

त्या प्रसंगानंतर बरीच वर्षे माझे ठाम मत होते की कंपन्यांच्या सदिच्छेवर काही सोडू नये, कायदा कडक करावा, प्रदूषण नियंत्रण मंडळाने धाडी घालाव्यात, बाकी सगळे ढोंग. मग त्याच कारखान्यातल्या एका जुन्या केमिस्टने मला कळवले की त्यांनी तीव्र सांडपाण्याची वाहिनी वेगळी काढली, ते आटवण्यासाठी एमईई ही बाष्पीभवन यंत्रणा बसवली आणि पावसाच्या गटाराला झडप लावून पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घ्यायला सुरुवात केली. कारण विचारले तर परदेशी ग्राहक. 2011 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने कपड्यांच्या मोठ्या ब्रँडांविरुद्ध डिटॉक्स मोहीम सुरू केली, त्या दबावाखाली काही ब्रँडांनी घातक रसायने हद्दपार करण्यासाठी झेडडीएचसी हा उपक्रम उभारला, आणि अशा तपासण्यांची साखळी रंग बनवणाऱ्यांकडून रसायने बनवणाऱ्यांपर्यंत पोचली. ग्राहकाच्या तपासनिसाने आल्या आल्या मागचे गटार पाहायला मागितले म्हणे. भोईंनी मला तेच दाखवले होते, पण त्यांच्या हातात खरेदीची ऑर्डर नव्हती. ही बातमी ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात संताप किती होता ते अजून वेगळे काढता आलेले नाही.

तेव्हा कंपन्या काय करू शकतात, असे विचाराल तर मी आधी सोडलेल्या घाणीचे आकडे किलोंत सांगायला लावीन. लिटरला 250 मिलिग्रॅमची मर्यादा काटेकोर पाळणारा कारखाना रोज 1000 घनमीटर पाणी सोडत असेल तर दिवसाला 250 किलो सीओडी खाडीत जातो, आणि कागदावर सगळे निर्मळ असते. आणि दुसऱ्यासाठी पैसा खर्च करायचाच असेल तर तोही घाण जिथून सुटते तिथेच करावा. फिनलंडमधल्या मालवाहतूक व्यवसायातून उभ्या राहिलेल्या जॉन नुर्मिनेन फाउंडेशनने बाल्टिक समुद्रासाठी स्वतःच्या देशातले किनारे झाडत बसण्यापेक्षा रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या मैलापाणी केंद्रांत रसायनांनी फॉस्फरस काढण्याच्या कामाला हात घातला, कारण शेवाळ माजवणारा फॉस्फरस तिथून येत होता.

आता मुंबईचा वर्सोवा किनारा. हा दाखला लोक माझ्या तोंडावर फेकतात आणि तिथे मला जपून बोलावे लागते. अफरोज शाह यांनी 2015 मध्ये तिथला कचरा उचलायला सुरुवात केली, आठवड्यामागून आठवडा लोक येत राहिले, आणि 2018 मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्रात गेली. मी पूर्वी याला छायाचित्रांचा कार्यक्रम म्हणत असे. आता म्हणत नाही. शिवाय माझाच नियम लावायचा तर साबण, शीतपेये आणि वेफर विकणाऱ्या कंपन्यांचे सांडपाणी म्हणजे किनाऱ्यावरची ती पाकिटे आणि बाटल्याच. वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम 2016 पासून आहेत. त्यांनी किनाऱ्यावर यायलाच हवे, फक्त वर्षातून एकदा येऊन चालणार नाही. रसायनवाल्यांना मात्र ही सवलत द्यायला मी तयार नाही, आणि भाचीला यात पक्षपात दिसतो.

तिला अजून एक गोष्ट दिसते, जी मला अडचणीची आहे. त्या मोठ्या कारखान्याला एमईई परवडली. त्याच वसाहतीतल्या लहान कारखानदाराकडे परदेशी तपासनीस येत नाही. त्याचा माल दलालामार्फत जातो आणि वसाहतीच्या सामायिक सांडपाणी केंद्रात पाणी पाठवण्याचा टँकरही त्याला भारी पडतो. तो मला सरळ विचारतो, "मी गटार बंद केले तर वाढलेला भाव कोण देणार, तुमचे भोई की तुमचा समुद्र?" मी त्याला परवान्याची, दंडाची, कर्जयोजनांची माहिती देते. तो ऐकून घेतो आणि पुन्हा तेच विचारतो.