तुम्ही विचारलंत म्हणून : पागेसाहेबच का?

"महाराष्ट्रात एवढे मुख्यमंत्री होऊन गेले आणि तुम्ही दर वेळी वि. स. पागेंचंच नाव काढता. का?" कुठंही बोलायला गेले की कुणीतरी हे विचारतंच. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "पण त्यांच्या त्या रोजगार हमीनंच मजूर बिघडले ना, तेही आमच्या पैशातून?" आजवर तुटक उत्तरं दिली, कारण चहा घेता घेता सांगण्यासारखं हे नाही. आज सांगते.

पागे 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होते. त्या खुर्चीचं काम सभागृह चालवायचं, योजना काढायचं नव्हे. तरी या माणसानं तासगाव तालुक्यातल्या विसापुरात रोजगार हमी आधी करून पाहिली आणि मग तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पटवलं. बहात्तरच्या दुष्काळातलं खडी फोडणं आणि खायला मिळणारी सुकडी तुम्ही ऐकलेली आहे. 1973च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं कामांवर होती. पण दुष्काळी कामं इंग्रजही काढत, सरकारच्या मनात आलं तर. पागेंचं म्हणणं वेगळं होतं. दुष्काळ असो नसो, खेड्यातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. 1977चा कायदा 26 जानेवारी 1979ला लागू झाला, तेव्हा ते सभापती राहिलेले नव्हते.

त्यानंतरचंच एक कोरडं वर्ष. आमचा जतचा भाग. आई आणि वस्तीवरच्या बायकांनी कामाची मागणी केली होती. मुदत उलटली तशा त्या तालुक्याला गेल्या. साहेब म्हणाले, मंजुरी नाही, पुढच्या महिन्यात बघू. आई अंगठा लावणारी बाई, पण अर्जाची पोच तिनं पदराच्या गाठीत बांधून आणली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाली, "पंधरा दिस झालं सायेब. काम न्हाई तर भत्ता द्या." बायका दिवस मावळेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिल्या. त्या आठवड्यातच पाझर तलावाचं काम निघालं.

इथं गोष्ट संपली असती तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

तिथं मजुरी मोजमापावर होती. खोली कळावी म्हणून खड्ड्यात मधेच मातीचा खुंट राखायचे आणि त्यावरून माप घ्यायचे. वरची वीतभर माती गेल्यावर खाली कडक मुरूम लागला. पहार मारली की ठिणगी उडायची. मी सावलीला तान्ही पोरं सांभाळत बसलेली, मला ऐकू यायचं. पगाराच्या दिवशी कळलं की कागदावर सगळी मऊ माती लिहिलीय. हातात निम्म्याहून कमी पैसे. आई म्हणाली, "ही मऊ माती व्हय? चला, तुमी पहार मारून दावा." माप घेणाऱ्यानं मान वर केली नाही. अंगठा दिला नसता तर तेवढेही गेले असते, म्हणून तिनं दिला. त्या आठवड्याचा बाजार झाला नाही. सोमवारी ती परत पहार घेऊन गेली.

हे मी पागेंचं नाव घेताना विसरत नाही. कॉलेजात असताना तर मी वादविवाद स्पर्धेत हमीच्या विरोधातच उभी राहिले होते. तलावाचं पाणी ज्यांच्या विहिरींना पाझरलं त्यांची बागायत झाली, खणणारीच्या रानात कुसळंच राहिली, ही कसली हमी, असं म्हणाले होते. त्या मुलीला आजही मला पुरतं खोडता येत नाही. पण ती मुलगी एक गोष्ट विसरत होती. कचेरीत आईनं हात जोडले नव्हते. तिनं मुदत मोजून सांगितली होती. आमच्या घरात त्याआधी सरकारपुढं असं कुणी बोललं नव्हतं, आणि ते बोलणं पागेंच्या कायद्यामुळं शक्य झालं.

राहिला मजूर बिघडल्याचा प्रश्न. उन्हात मुरूम फोडून एवढी कमी मजुरी मिळत असताना बायका तिथं जात होत्या, तर शेतावरची मजुरी काय असेल ते तुम्हीच बघा. "आमच्या पैशातून" म्हणता, ते मात्र खरं आहे. 1975चा व्यवसाय कर यासाठीच बसवला आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. तुमच्या-माझ्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, ते तेच. मला ते देताना कधी जड गेलं नाही.

केंद्राचा 2005चा रोजगार हमी कायदा आल्यावर आता पागे कशाला, असंही विचारतात. त्यात कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांचं काम होतं. पागेंच्या कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती.

खोटी मस्टरं, म्हणजे खोटे हजेरीपट होते, लांबलेले पगार होते, नाकारत नाही. माप घेणारा खोटं लिहू लागला तर अंगठा लावणाऱ्या बाईनं काय करायचं, हे मला पागेसाहेबांनाच विचारायचं होतं. 1990 साली ते गेले. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर मला हवं आहे.