तोस्कानिनी ऐकण्याची वही : आठवडा नववा

या आठवड्यात ‘इरॉइका’च्या, म्हणजे बेथोवेनच्या तिसऱ्या सिंफनीच्या, पहिल्या मूव्हमेंटपुढे (पहिल्या भागापुढे) सरकलेच नाही. इटालियन कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक) आर्तुरो तोस्कानिनींची 1939 ची मैफल आणि 1953 ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली, दोन्ही स्कोअर (छापील स्वरलिपी) उघडून पुन्हापुन्हा ऐकल्या.

हा माणूस फार पळवतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. म्हणून हिशेबच केला. बेथोवेनने स्वतः नोंदवलेली गती मिनिटाला 60 बार (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन). एकूण बार 691. सुरुवातीच्या भागाची पुनरावृत्ती गाळली, तर साडेअकरा मिनिटांत मूव्हमेंट संपायला हवी. तोस्कानिनी ती गाळतात आणि तरीही 13 मिनिटांच्या पुढे जातात! म्हणजे बेथोवेनने मागितलेल्या लयीपेक्षा हे सावकाशच.

मग घाई का भासते? मला वाटतं, वाद्य बदललं तरी ताण कुठेच सैल पडत नाही म्हणून. शिवाय 1939 चं वादन न्यूयॉर्कच्या एनबीसी रेडिओच्या स्टुडिओ 8-एचमधलं, तिथे घुमारा जवळजवळ नाहीच. सुरुवातीचे, सगळ्या वाद्यवृंदाचे दोन ठोके पडतात आणि जागच्या जागी तुटतात. आधी हा कोरडेपणा मला खुपायचा. आता त्याच्यामुळेच व्हायोलांची (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्यांची) ओळ सुटी ऐकू येते.

ठोक्यांनंतर मुख्य धून येते ती चेलोंवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यांवर. तोस्कानिनी मूळचे चेलोवादक, इटलीतल्या पार्म्यात शिकलेले. 1886 मध्ये रिओत ऐनवेळी चेलो खाली ठेवून त्यांनी व्हेर्दीचा ऑपेरा ‘आयदा’ संपूर्ण तोंडपाठ कंडक्ट केला, वय 19. तरी पुढच्याच वर्षी व्हेर्दीच्याच ‘ओतेल्लो’च्या पहिल्या प्रयोगाला ते मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात पुन्हा चेलोवाल्यांतच बसले होते. व्हेर्दी जवळून पाहायला मिळावा, म्हणून असेल. मला ही गोष्ट फार आवडते.

‘इरॉइका’त कोणाला नेपोलियन दिसतो, कोणाला तत्त्वज्ञान, आपल्यासाठी ती फक्त ‘अलेग्रो कॉन ब्रियो’ (स्कोअरवरची गतीची सूचना : जलद, जोशात) आहे, असं तोस्कानिनी म्हणत. 1926 मध्ये पुच्चिनीच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘तुरांदोत’ ऑपेराच्या पहिल्या रात्री लिऊ या पात्राच्या मृत्यूपाशी, त्याची लेखणी जिथे थांबली तिथेच, तोस्कानिनींनी बॅटन (कंडक्टरची छडी) खाली ठेवला. मला दोन्हींत एकच माणूस दिसतो : लिहिलं आहे तेवढंच मानणारा.

पुढच्या आठवड्यात दुसरी मूव्हमेंट, शोकयात्रेची. 1957 मध्ये तोस्कानिनी गेले, तेव्हा कंडक्टर देसाबातांनी रिकाम्या ला स्कालात हीच वाजवून घेतली. बाहेरच्या चौकात लोक उभे राहून ऐकत होते.