तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईला जाऊन मी नक्की करते काय

लग्नात, जत्रेत, बँकेच्या लायनीत, कुठेही गाठ पडली की ठरलेला प्रश्न येतो. गो, तू म्हणे कंपनीच्या खर्चाने विमानाने मुंबईला जातेस, मोठ्या हॉटेलात राहतेस, स्टेटसवर फोटो बघितले आम्ही, पण तिथे जाऊन तू नक्की करतेस तरी काय? त्यातलं 'नक्की' आमच्या काक्या असं काही ओढून म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं मी सोनं स्मगल करते. दर वेळी 'काम असतं गो' म्हणून हसून सुटते, पण आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदा नीट लिहून टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात तरी मला निवांत जेवता येईल.

तर मी काजू विकते.

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका काजू फॅक्टरीच्या ऑफिसात मी कामाला आहे. कार्डावर सेल्स एक्झिक्युटिव्ह लिहिलंय पण ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक रुसका प्रिंटर, त्यामुळे बिलं करणं, कुरियरवाल्याशी भांडणं, व्यापाऱ्यांचे फोन घेणं सगळं मीच. पूर्वी मुंबईला मालक स्वतः जायचे, आता त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा कॅनडात, मग एक दिवस त्यांनीच विचारलं, तू जाशील काय? घरी यावर बरीच चर्चा झाली. बाबांचा खाणीवर ट्रक होता, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून तो ट्रक दारात उभा राहून राहून शेवटी मिळेल त्या किमतीला गेला, त्यामुळे पगार देणाऱ्या माणसाला नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची टाप नाही. आई म्हणाली पोचलीस की फोन कर. आजी एवढंच म्हणाली, एकटी?

आता ग्लॅमरचं. बाहेरगावी कामाला जाणारी माणसं परत आली की म्हणतात, काही नाही हो, नुसती दगदग. मी असं म्हणणार नाही. मला आवडतं. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि आम्हा डिचोली-पेडण्याकडच्यांची मांडवी आणि झुआरी नद्या ओलांडून दाबोळीचा विमानतळ गाठायची कटकट संपली, आता सकाळचं विमान धरलं की नाश्त्याच्या वेळेला मुंबई. थिवीला कोकणकन्या पकडूनही मी गेलेय, ती काही वाईट नाही, पण रात्रभर बर्थवर अंग मोडून भल्या पहाटे सीएसएमटीला उतरा, वेटिंग रूममध्ये तोंड धुवा, तिथेच कुर्ता बदला आणि मग काजू घेणाऱ्या शेठसमोर फ्रेश चेहऱ्याने बसा, हे सगळं आलं. विमानातून उतरलं की इस्त्री शाबूत असते. टर्मिनल टूच्या त्या मोरपिसांच्या नक्षीच्या छताखाली मी फोटो काढते, आणि हो, स्टेटसला टाकण्यासाठीच काढते.

हॉटेल कंपनी चांगलं देते, कारण मालकांचं म्हणणं की मुलगी एकटी आहे, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. चेक-इनला रिसेप्शनवरचा मुलगा हमखास माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, मॅडम, सर येतायत? कोणीही सर येत नाहीयेत बाबा. बुकिंग कंपनीच्या नावाने, आधार कार्ड माझं, बॅगेत काजू. मग तो गडबडून दोनदा सॉरी म्हणतो आणि त्या सॉरीपोटी कधी कधी वरच्या मजल्याची रूम मिळते, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

पण त्या रूममधली एक गोष्ट सांगायलाच हवी. छोट्या फ्रिजवर एक ट्रे ठेवलेला असतो, त्यात चिप्स, चॉकलेट आणि काजूचं पाकीट. खारे काजू, 50 ग्रॅम, 400 रुपये. मी ते पाकीट उजेडात धरून चांगलं उलटसुलट बघितलं, माल बहुतेक डब्ल्यू 320, मध्ये दोनचार पाकळ्या, म्हणजे अर्धे झालेले गर. 320 हा आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो, म्हणजे 180 चा गर टपोरा आणि महाग, 320 बाजारात सगळ्यात जास्त चालणारा, आणि 450 अगदीच बारका. पौंड म्हणजे 454 ग्रॅम धरा, तर 50 ग्रॅममध्ये 320 चे पस्तीसेक गर येतात. 400 भागिले 35. एकेक गर साडेअकरा रुपयांच्या आसपास! पलंगावर मांडी घालून मी हा हिशेब मोबाईलवर परत एकदा करून बघितला, पाकीट होतं तसं ट्रेमध्ये ठेवलं आणि बॅगेतलं आमचं सँपल फोडून खाल्लं.

परत आल्यावर हे मी आमच्या सोलणाऱ्या बायकांना सांगितलं. टरफल फोडून गर बाहेर काढला, तो भट्टीत सुकवला की त्याच्यावर एक पातळ तांबडी साल राहते, ती हाताने नाहीतर छोट्या सुरीने अलगद काढायची हे त्यांचं काम, आणि गर मोडला तर अख्ख्याची पाकळी होते, पाकळीचा तुकडा होतो आणि भाव धाडकन खाली. त्यांच्यात सगळ्यात जुनी जी आहे ती हातातलं काम थांबवून म्हणाली, मग गो बाय, मी आजपर्यंत किती लाखांचे सोलले असतील? झालं, सगळ्याजणी हिशेबाला लागल्या, कोणाचं सोलण्यात लक्ष नाही, सुपरवायझर माझ्यावर वैतागला की तू मुंबईहून आलीस की एक दिवस ऑफिसातून बाहेरच येऊ नकोस.

बरं, काम. कधी प्रदर्शन असतं, गोरेगावला नाहीतर बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. फोटो छान येतात ते तिथलेच, एसी हॉल, गळ्यात बॅज, मागे आमच्या कंपनीचा बोर्ड. खरं सांगायचं तर तिथे फारसं कोणी विकत घेत नाही, लोक कार्डं देतात, काजू खातात आणि म्हणतात, ओह गोवा! मग काय मज्जा, रोज बीच! मी सांगते की आमच्या डिचोली तालुक्याला समुद्रच नाही, आम्हालाही बीचवर जायचं तर बस पकडावी लागते, तर ते असे बघतात की मी त्यांना फसवलंय. म्हणजे गावात सगळ्यांना वाटतं मी मुंबईला मजा मारायला जाते आणि मुंबईत सगळ्यांना वाटतं मी मजेच्या गावाहून आलेय, काम करते यावर दोन्हीकडे कोणाचाच विश्वास नाही.

खरा सौदा होतो मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात, आणि तिथला फोटो मी कधी टाकलेला नाही. बीकेसीहून पूर्वी टॅक्सी नाहीतर लोकल बदलत जावं लागायचं (रिक्षा त्या बाजूला चालतच नाही), आता 2025 च्या ऑक्टोबरपासून मेट्रो तीन पार कफ परेडपर्यंत जाते, त्यामुळे सीएसएमटीला उतरायचं आणि पुढे चालत. हातगाड्या, डोक्यावर पोती घेतलेले हमाल, 'बाजू, बाजू' असं ओरडणं, हळद-मिरचीचा नाकात जाणारा वास, आणि मी सँपलची पिशवी पोटाशी धरून इस्त्रीच्या कुर्त्यात. शेठचं दुकान एवढंसं, पण त्या एवढ्याशा दुकानातून किती टिन फिरतात ते मला बिलांवरून माहीत आहे.

शेठ पाकीट फोडतो आणि गर काळ्या ट्रेमध्ये पसरतो, काळ्यावर डागी गर लगेच दिसतो. बोटाने डागी वेगळे, करपलेले वेगळे, मोडके वेगळे, आणि हे सगळं माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत. मग एक गर कानाजवळ नेऊन मोडतो. सुका असेल तर टक् असा आवाज येतो, ओल असेल तर गर वाकतो आणि मग मोडतो. पाच टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, आमच्याकडे मशीन आहे, रिपोर्ट मी फाईलमध्ये लावूनच नेते, पण तो रिपोर्टकडे बघत नाही, कानाकडे बघतो. शेवटी अर्धा गर तोंडात, बराच वेळ. आणि मग ठरलेला सवाल, माल गोव्याचा की आफ्रिकेचा?

हा सवाल महत्त्वाचा आहे. गोव्यात पिकणारी काजूबी इथल्या फॅक्टऱ्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतल्या देशांतून कच्ची बी येते आणि इथे फोडली-सोलली जाते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, लपवणारे लपवतात ते पुढे पाकिटावर. गोव्याच्या काजूला 2023 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून तर सगळ्यांनाच आपला काजू 'गोवन' वाटायला लागलाय. आम्ही दोन्ही करतो, पण पाकिटावर चिठ्ठी वेगळी आणि भावही वेगळा. मी शेठला हे सरळ सांगते आणि माझा अनुभव असा की सरळ सांगितलं की तो घासाघीस कमी करतो. कमी म्हणजे मुंबईच्या मानाने कमी.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने माझ्याशी भावाचं बोलायलाच नकार दिला, बेटा, मालिक को फोन लगाओ. लावला. दुपारचे तीन वाजलेले. दुपारी दोन ते चार गोव्यात फोन कोण उचलतो? रिंग जाऊन जाऊन थांबली, परत लावला, परत तेच, शेठ माझ्याकडे बघतोय, मुनीम माझ्याकडे बघतोय, चहा आला तो गार झाला. शेवटी मी म्हटलं, रेट मैं ही बोलती हूँ, आणि बोलले. त्याने चाळीस रुपये कमी सांगितले, मी पंधरा उतरले, मध्ये कुठेतरी जमलं. संध्याकाळी मालकांचा फोन आला, काय गो, मिस्ड कॉल कसले? मी सांगितलं सौदा झाला. ते म्हणाले बरं झालं, मला कशाला उठवायचं मग.

आता यात आवडण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगते. आपल्याकडे कोणीही नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न, तू कोणाची गो? मग बाबांचं नाव, मग वाडा, मग अरे ती ट्रकवाल्यांची काय, मग ट्रक विकला ना, मग लग्नाचं बघतायत का. सगळं प्रेमाने, नाही असं नाही, पण मला तोंड उघडायलाच वाव नसतो, माझी सगळी माहिती माझ्या आधीच पोचलेली. मस्जिद बंदरला कोणाला पडलेली नाही मी कोणाची. तिथे मी 'वो गोवावाली, 320 वाली'. गर मोडला की टक् वाजायला पाहिजे, बास. दिवसभर मला कोणी घरचं काही विचारत नाही याची इतकी मजा वाटते की संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर मी एसी फुल करून, पांघरूण ओढून, टीव्ही न लावता नुसती पडून राहते. हे आईला सांगितलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून तिला मी जेवणाचं वर्णन सांगते.

भीती वाटत नाही का, हेही विचारतात. रात्री उशिरा बाहेर राहत नाही, लोकलमध्ये लेडीज डबा, आणि लोकेशन भावाला शेअर केलेलं असतं, तो ते बघत नाही हे मला माहीत आहे, पण आजीला सांगता येतं. मग तिथेच नोकरी का नाही धरत? कारण हॉटेल कंपनी देते म्हणून मुंबई छान आहे, पगारातून भाडं भरायचं झालं तर त्या हॉटेलच्या बाथरूमएवढी खोलीसुद्धा मला परवडणार नाही. आणि मार्च ते मे हंगाम असतो, बोंडू पिकतात, बी यायला लागते, सगळीकडे हुर्राकचा, म्हणजे बोंडूच्या दारूचा वास, त्या दिवसांत मालकांनी मुंबईचं नाव काढलं तरी मी विषय बदलते.

राहिलं एक. जाताना माझी पंधरा किलोची बॅग काजूंनी भरलेली असते, येताना रिकामी, हे काकीच्या लक्षात आलंय. त्यामुळे आता दर वेळी निघायच्या आदल्या रात्री दादरच्या साड्यांची यादी व्हॉट्सअपवर येते, रंगासकट. काकी, हे वाचत असशील तर, ती मोरपिशी मिळाली नाही, आणि मागच्या वेळचे पैसे अजून यायचेत.